गोदाचा श्वासांक

सन २०३६. त्या वर्षी आमच्या धोटेवाडीत पहिलीचे प्रवेश वय बघून झाले नाहीत, घर किती लांब आहे ते बघूनही झाले नाहीत. मूल बोलताना तोंडातून किती तुषार उडवतं, ते मोजून झाले. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. हसू देत. मला त्या वर्षातलं सगळं लख्ख आठवतं. आज सकाळी चष्मा कुठे ठेवला ते मात्र विचारू नका.

धोटेवाडी हे यंत्रमागाचं गाव. बिनआवाजाचे माग तोवर देशात आले होते, पण आमच्या गल्लीत जुनेच, धोट्याचे माग होते आणि ते पहाटेपासून खटाखट चालायचे. अशा आवाजात जन्मलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. आमच्याकडे प्रेमाची कबुली ओरडून देतात, कानगोष्ट ओरडून करतात आणि मयताच्या घरी सांत्वन असं करतात की परक्याला वाटावं, भांडण जुंपलंय. ओढ्यापलीकडे शारदानगर कॉलनी होती. बँकेतली माणसं, डॉक्टर, निवृत्त शिक्षक. तिथल्या खिडक्यांना दुहेरी काचा, आणि कुकरची शिट्टीसुद्धा बेतानं वाजायची. दोन्हीकडची मुलं मात्र एकाच प्राथमिक शाळेत यायची.

त्याच शाळेत मी आणि सुनंदा सबनीस, दोघींनी उभी हयात शिकवलं. मी गल्लीतली, ती कॉलनीतली. निवृत्त झाल्यावर आम्ही रोज सकाळी फोनवर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचो. आडवे शब्द तिचे, उभे माझे. ह्या वाटणीवरून आमच्यात कधी वाद झाला नाही. वाद झाला तो घुबडावरून.

पण आधी साथीचं सांगते. त्या साथीला शास्त्रज्ञांनी अक्षरं आणि आकडे जोडून काहीतरी नाव दिलं होतं. आम्ही तिला कोरडी साथ म्हणायचो. मुलांना तिचं काही वाटायचं नाही. चार शिंका, एक दिवस किरकिर, की पुन्हा हुंदडायला मोकळी. पण तीच मुलं ती साथ घरी न्यायची आणि घरातल्या म्हाताऱ्यांची छाती धरायची. म्हणून दीड वर्ष शाळा बंद होत्या.

वीस सालची पहिली साथ मी शिक्षिका म्हणून पाहिली होती. एका घरात एक फोन, त्यावर तीन मुलांचे तीन वर्ग, आणि फोन घेऊन बाप कामावर गेलेला. पहिलीतून घरी गेलेला मुलगा तिसरीत परत आला तेव्हा पेन्सिल बत्त्यासारखी मुठीत धरत होता. त्यामुळे बंद शाळेची मला भीती वाटायची. सुनंदाचे यजमान त्याच साथीच्या दुसऱ्या लाटेत गेले. तिची स्वतःची फुफ्फुसं तेव्हापासून अर्धीच चालत होती. तिला उघड्या शाळेची भीती वाटायची. आम्ही दोघी बरोबर होतो, आणि भांडायला एवढं पुरतं.

माझा मुलगा आणि सून कोल्हापूरच्या एका इस्पितळात नर्स. साथीत त्यांना घरी येणं बंद, म्हणून नात आमच्याकडे. तेव्हा जुन्या नावांची पुन्हा टूम निघाली होती, त्यामुळे हिचं नाव गोदावरी. वय सहा, आवाज फडातल्या पैलवानाचा. शाळा म्हणजे काय ते तिनं पाहिलंच नव्हतं. तरी रोज सकाळी दप्तर अडकवून, पाण्याची बाटली गळ्यात घालून ती उंबऱ्यावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "आज उघडली का?" नाही म्हटलं की आत येऊन सुताच्या रिकाम्या कांड्या रांगेत उभ्या करायची आणि त्यांची हजेरी घ्यायची. प्रत्येक कांडीच्या वतीनं "हजर, बाई!" तीच ओरडायची. तो आवाज ओढ्यापलीकडे जायचा.

जूनच्या सुरुवातीला पुण्याहून केतकी नावाची एक तरुण शास्त्रज्ञ आली आणि शाळेच्या आढ्याला दोन भिंगांचं एक करडं यंत्र टांगून गेली. त्याचं सरकारी नाव 'कवडसा'. गावानं बघताक्षणी त्याला घुबड म्हणायला सुरुवात केली.

केतकीनं आम्हाला ते छान समजावून सांगितलं होतं. कौलाच्या फटीतून ऊन आत आलं की त्या कवडशात धुळीचे कण नाचताना दिसतात ना, तसंच हे. यंत्र वर्गात डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे पातळ पडदे सोडतं आणि त्यात चमकणारे कण मोजतं; कण फार झाले की घुमतं. माणूस नुसता श्वास घेतो तेव्हा तोंडातून थोडे तुषार बाहेर पडतात, बोलतो तेव्हा बरेच, आणि ओरडतो तेव्हा कितीतरी पट. ते इतके बारीक असतात की खाली पडत नाहीत, तासन् तास हवेत तरंगतात, आणि साथ त्यांच्यावर बसून फिरते. यंत्राला ओला कण आणि कोरडा कण यांतला फरक कळतो, असं ती म्हणाली. पहिल्याच दिवशी आमचे हे, म्हणजे दत्ताराम हावळ, चार मागांचे मालक आणि त्याच चार मागांचे कामगार, शाळेत डोकावले. त्यांच्या सदऱ्यावरचा कापूस उडाला आणि घुबड जोरात घुमलं. केतकीनं लगेच त्यात काहीतरी दुरुस्ती केली. "पुण्यात कापूस नव्हता," एवढंच म्हणाली.

नियम असा होता. एका वर्गाच्या हवेला शंभर गुण. प्रत्येक मुलानं घुबडासमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. त्यावरून त्याचा श्वासांक ठरणार. कमी अंकाची मुलं आधी आत, आणि बेरीज शंभरावर गेली की दार बंद. उरलेली मुलं घरी, फोनवर.

कॉलनीतल्या मुलांचे अंक तीन, चार, फार तर पाच. आमच्या गल्लीतल्या मुलांचे पंधरा, अठरा, बावीस. सुनंदाचा नातू अदू, पूर्ण नाव अद्वय, घुबडासमोर पाच मिनिटं उभा राहिला आणि ओठ हलवून परत गेला. त्याचा अंक दोन. तो जन्मल्यापासून कुणाशी फारसं बोललाच नव्हता. त्याच्या वतीनं सुनंदा बोलायची.

गोदाचा अंक एक्केचाळीस.

"मशीन बिघडलंय," मी म्हणाले.

"नाही आजी," केतकी जरा घाबरून म्हणाली. "मी दोनदा तपासलं. जिल्ह्यात दुसरा नंबर आहे."

"पहिला कुणाचा?" गोदानं विचारलं, आणि घुबड घुमलं.

यादी लागली. कॉलनीतली सगळी मुलं आत. गल्लीतली दोन, त्यातल्या एकाला त्या दिवशी घसा बसला होता. मुख्याध्यापक खोत सर हा साधा, भित्रा माणूस. यादी चिकटवून ते लगेच बाजूला झाले आणि म्हणाले, "मी काही केलेलं नाही. वरून आलंय." आणि खरोखरच आढ्याकडे बोट दाखवलं.

रविवारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. सगळे मास्क लावून, लांब लांब बसलेले. शाळा समितीची अध्यक्ष रुक्साना मोमीन. तिचे दोन माग आणि दोन मुलं, एकाचा श्वासांक अठरा, दुसऱ्याचा वीस. कॉलनीतले एक बँकवाले गृहस्थ बोलून बसले तशी ती उभी राहिली.

"बँकेतले साहेब म्हणत्यात, नियम सगळ्यास्नी सारखा. खरं हाय. पण आमची पोरं काय मुद्दाम वराडत्यात? आईबाप मागावर, जेवण मागावर, झोप मागावर. हळू बोलायचं त्यांनी शिकायचं कुठं? तुमच्या पोरास्नी शांतता घरात फुकट मिळाली, आन् ह्या घुबडानं तिचेच मार्क दिले."

टाळ्या वाजल्या. खोत सर म्हणाले, "कृपया टाळ्या वाजवा, पण ओरडू नका."

मग सुनंदा उठली. चार पावलं चालली तरी तिला दम लागायचा. "रुक्साना, तुझं सगळं खरं," ती म्हणाली. "पण माझ्या छातीला न्याय-अन्याय कळत नाही. अदू शाळेतून घरी येणार, माझ्या मांडीवर बसणार. त्याच्या शेजारी कुणी एक्केचाळीस अंकाचं बसलं असेल तर मी गेलेच. घरात दुसरं कोण आहे त्याला?"

एक्केचाळीस म्हटल्यावर सगळ्या सभेनं माझ्याकडे पाहिलं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी धोटेवाडीची. "मग जो बोलतच नाही त्याला शाळेत कशाला पाठवतेस?" मी म्हणाले. "घरी ठेव. त्याला काय फरक पडतो?"

सुनंदाचा चेहरा मास्कमागे कसा झाला ते दिसलं नाही. तिचे डोळे दिसले, तेवढं पुरे झालं. "तुझी नात बोलते म्हणून तरी काय झालं, शैले?" ती म्हणाली. "तुमच्याकडे काल वांग्याची भाजी खारट झाली, ते मला माझ्या स्वयंपाकघरात कळलं."

लोक हसले. आम्ही दोघी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. मी कोड्यातले उभे शब्द भरले आणि आडव्या घरांकडे बघत बसले.

त्या महिन्यात गाव विचित्र झालं. चौकात एका शिकवणीवाल्यानं फलक लावला, 'मौनवर्ग. आवाज कमी, प्रवेश हमी.' आया मुलांच्या तोंडात खडीसाखर कोंबून त्यांना बाजारात न्यायच्या. स्थळांच्या माहितीपत्रकात उंची, गोत्र, पगार यांच्या खाली श्वासांक यायला लागला. रुक्सानाच्या भाच्यानं तर एका मुलीला नकार दिला, का, तर तिचा अंक फारच कमी. "भांडायला मजा येणार न्हाई," म्हणाला.

आम्ही गोदावर मेहनत घेतली. शाळा श्रावणात उघडणार होती आणि त्याआधी फेरचाचणी होती. त्यात ती बसली तर बसली, नाहीतर ते वर्षही गेलं. मी तिला कुजबुजायला शिकवलं. तिनं माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजत विचारलं, "आजी, असं?" आणि फाटकाबाहेरून पोस्टमन म्हणाला, "हां, आता बरं जमलं." यांना तर ऐकूच यायचं नाही. मागांत आयुष्य काढून कानांनी केव्हाच रजा घेतली होती. गोदा कुजबुजली की हे म्हणायचे, "काय? मोठ्यानं बोल!" आणि आठवड्याची शिकवण पाण्यात.

फेरचाचणीच्या दिवशी वर्गात केतकी, खोत सर, गोदा आणि मी. हे बाहेर, खिडकीशी. घुबड वर. गोदानं हात मागे बांधले आणि बेचा पाढा सुरू केला. बे एके बे. इतकं मऊ, इतकं हळू की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. केतकी अंक दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत मान डोलवत होती. चार. चार. पाच. बे साती चौदा. पाच. बे आठी सोळा. गोदाच्या लक्षात आलं की आपण जिंकतोय. बे नव्वे अठरा म्हणताना तिचे डोळे मोठे झाले, छाती फुगली, आणि "बे दाहे वीस!" असं तिनं जे म्हटलं त्यानं खिडकीच्या काचा थरथरल्या.

घुबड घुमलं. अडतीस.

"तीन अंकांची सुधारणा आहे," खोत सर म्हणाले. ते खरंच चांगले गृहस्थ होते.

गोदा रडायला लागली. पण तोंडानं नाही; रडताना ओरडलं तर अंक वाढेल, एवढं तिला कळलं होतं. ओठ घट्ट मिटून रडत होती. खिडकीतून यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातांनी विचारलं, काय झालं?

इथे हे सांगायला हवं. मागांच्या खटखटाटात तोंडाचा काही उपयोग नसतो. म्हणून आमच्याकडे शेडमध्ये हातांनी बोलतात. शिकवत कुणी नाही, येतच असतं. मिशीला पीळ दिला की मालक आला. दोन तळवे एकमेकांवर थापले की भाकरी. दोन तर्जन्या टोकाला टोक लावून झटक्यात दूर केल्या की तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरवली की जोड दे. आकड्यांना बोटांची पेरं आहेत, शिव्यांना तर दोन्ही हात लागतात. माझा सगळा संसार ह्याच भाषेत झाला. आमची मोठी भांडणं शेजाऱ्यांना कधी ऐकूच गेली नाहीत. गोदा रोज दुपारी आजोबांची भाकरी घेऊन शेडमध्ये जायची, तिला ही भाषा तिच्या श्वासासारखी यायची.

तर गोदानं आजोबांना हातांनी सगळं सांगितलं. सगळं बरोबर चाललं होतं. मग शेवटी आनंद झाला. आनंद झाला म्हणून तार तुटली. हे घुबड दुष्ट आहे. मला आता कधीच शाळेत घेणार नाहीत. यांनी बाहेरून उत्तर दिलं, त्यातलं घुबडाबद्दलचं मी इथे लिहीत नाही. मग बोटांच्या पेरांवर दोघांनी मिळून बेचा पाढा पुन्हा म्हटला, शेवटपर्यंत, कारण अर्धवट टाकलेलं काम यांना चालत नसे.

"आजी," केतकी एकदम म्हणाली. "ही काय करतेय?"

"बोलतेय. तिच्या आजोबांशी."

"इतका वेळ?"

"ती बोलायला लागली की इतका वेळ लागतोच."

केतकीनं पडदा माझ्याकडे फिरवला. इतक्या बोलण्यात, रडण्यात, भांडण्यात आणि पाढ्यात गोदाचा अंक दोनवर थांबला होता. अदूइतका.

खोत सरांनी तो अंक वहीत उतरवून घेतला. मग म्हणाले, "पण ह्याचं परिपत्रक नाही."

दुसरी सभा पहिलीपेक्षा मोठी भरली. केतकीनं समजावलं, पाढे, हजेरी, प्रश्नोत्तरं हातांनी करा. मोठ्यानं वाचायचं ते पटांगणात, झाडाखाली, एकेकानं. खिडक्या सताड उघड्या. मग वर्गातली सगळी मुलं, गल्लीतली धरून, शंभराच्या आत बसतात. तिनं घुबड उतरवून नेऊन आठवडाभर रुक्सानाच्या शेडमध्ये मुलं बसवून मोजलं होतं. मागांच्या धडधडाटात अख्खा वर्ग गप्पा मारत होता आणि घुबड पेंगत होतं.

बँकवाले गृहस्थ ताडकन उठले. "हा आमच्या मुलांवर अन्याय आहे! त्यांना ही हातांची भाषा येत नाही. ती मागे पडतील!"

 रुक्साना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "साहेब," ती म्हणाली, "नियम सगळ्यास्नी सारखाच हाय की."

पण लगेच तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "शिकवू आम्ही. आमच्या पोरास्नी तुमच्या पोरांशेजारी बसवा, आठ दिवसांत शिव्यांसकट शिकतील."

"शिव्या नकोत," खोत सर म्हणाले.

 सगळ्यांना सुनंदाचंच म्हणणं ऐकायचं होतं, कारण तिची भीती खोटी नाही हे सगळ्यांना माहीत होतं.  तिनं नाही म्हटलं असतं तर कॉलनी तिच्या बाजूनं गेली असती, आणि गोदा पुन्हा कांड्यांची हजेरी घेत बसली असती. शिवाय तिला नाही म्हणायचा हक्क होता.

तेवढ्यात पलीकडे काहीतरी हललं. सुनंदाच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या अदूचे हात चालत होते. भराभर, न अडखळता, अगदी शेडमधल्या मुरलेल्या कामगारासारखे. पटांगणाच्या ह्या टोकाला माझ्या मांडीवरून गोदाचे हात त्याला उत्तर देत होते. दोघंही खुदखुदत होती.

सुनंदा वळली. "अदू? हे तुला कुणी शिकवलं?"

नंतर कळलं ते असं. संध्याकाळी अदू ओढ्याकाठी पक्षी बघायला म्हणून जायचा. गोदा ओढ्याच्या ह्या काठावर बसायची. मध्ये ओढा, म्हणजे साथीच्या नियमात चोख बसणारं अंतर. अख्खा उन्हाळा दोघांनी गप्पा मारल्या होत्या. पोरगा मुका नव्हता, घुमा नव्हता. त्याला तोंड उघडायला कुणी जागाच ठेवली नव्हती.

"काय बोलताय तुम्ही?" सुनंदानं विचारलं.

मग अदूनं तोंड उघडलं. सगळ्या धोटेवाडीनं त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "गोदा विचारतेय, तुझी आजी अजून रागावलीय का," तो म्हणाला. "मी सांगितलं, हो. पण कोडं अडलंय, उभे शब्द येत नाहीत."

सभेत कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसू दाबलं. मी आकाशाकडे पाहिलं. सुनंदानं पदर सारखा केला, दम घेतला आणि उभी राहिली.

"माझ्या अटी आहेत," ती म्हणाली. तिच्यातली बाई जागी झाली होती. "ज्यांच्या घरी आजारी म्हातारं माणूस आहे, ती मुलं खिडकीशी बसतील, मग ती गल्लीतली असोत की कॉलनीतली. दर सोमवारी शिक्षकांची आणि मुलांची तपासणी. आणि कुणाच्या घरी कोरडी साथ शिरली, तर ते लपवायचं नाही. त्या घराला डबा आपण पुरवू. हे जमत असेल तर उघडा शाळा. मला भीती वाटणार आहे, ती वाटू दे."

"जमतंय," रुक्साना म्हणाली. "डब्याचं मी बघते." तिनं तळवे एकमेकांवर थापले, भाकरी, आणि सगळ्या गल्लीनं तळवे थापले. घोषणा न देता ठराव पास झालेली ती धोटेवाडीची पहिली सभा.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरली. मुलं रांगेनं आत गेली, दहा हातांच्या अंतरानं, आणि वर्गात इतकी शांतता की रस्त्यावरच्या म्हशी थांबून बघत होत्या. मी खिडकीतून पाहिलं. खोत सरांनी हजेरी घेतली. नाव पुकारायचं ते पाटीवर लिहून दाखवत होते. गोदाचं नाव आलं. तिनं उजवा हात वर केला, पाचही बोटं ताणून, हजर. मग न राहवून डावाही केला. वर घुबड गप्प.

मी वळले तेव्हा रस्त्याच्या पलीकडे सुनंदा उभी होती. एवढ्या अंतरावरून बोलायचं तर तिला ओरडावं लागलं असतं, आणि ओरडायला छाती नव्हती.  मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि दोन तर्जन्या टोकाला टोक लावल्या. जरा थांबून, अदूनं शिकवलेलं आठवून, त्या दूर केल्या. तार तुटली.

मी शिक्षिका, मागवाल्याची बायको, आयुष्यात कधी शब्दाला अडले नाही. मी हात वर केला आणि अंगठ्यावर तर्जनी फिरवली. जोड दे. पुनःपुन्हा फिरवली, रस्त्यावरचे लोक बघत असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "सात आडवं सांगते," ती म्हणाली, "आधी तू पाच उभं बोल."

ह्याला आता तेरा वर्षं झाली. कोरडी साथ पुढच्या वर्षी ओसरली, लस आली. आमच्या शाळेतून साथ कुणाच्याही घरी गेली नाही, असं मी म्हणणार नाही. दोन घरी गेली. दोन्ही घरी दार उघडून सांगितलं गेलं आणि दोन्ही घरी भाकरी पोचली. माणसं वाचली.

खोत सरांनी अखेर परिपत्रक मिळवलं. ते शाळा सुरू होऊन वर्ष झाल्यावर आलं आणि त्यात हातांनी पाढे म्हणायला 'प्रायोगिक परवानगी' होती. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचं निरोपाचं भाषण मुलांनी त्यांना हातांनी करायला लावलं. शिव्यांसाठी राखलेले दोन-चार हातवारे त्यांनी नकळत केले आणि ते आभार होते असं त्यांना आजही वाटतं. रुक्साना नगराध्यक्ष झाली. तिच्या भाच्याचं लग्न त्याच कमी अंकाच्या मुलीशी झालं, आणि ती चांगलीच भांडते. केतकीनं श्वासांकाची पद्धत मोडीत काढणारा निबंध लिहिला. मुलाचा अंक म्हणजे मुलाचा अंक नसून त्याच्या घराचा आणि शेजाऱ्याचा अंक असतो, असं तिनं त्यात म्हटलं. ती दर दिवाळीला येते. शेडमध्ये उभी राहिली की पुण्याची वाटत नाही.

घुबड अजून आढ्याला आहे. वीज काढून टाकलीय. त्याच्या दोन भिंगांच्या मध्ये चिमण्यांनी घरटं केलंय आणि त्यांचा श्वासांक कुणी मोजत नाही.

अदू कायद्याचं शिकतो. वादविवादाच्या स्पर्धा जिंकतो, आणि बोलायला लागला की त्याला थांबवायला त्याचे हातही धरावे लागतात. सुनंदा आहे. आता तिच्या नाकाला नळी असते आणि बोलायला फारसा दम नसतो. दुपारी मी तिच्याकडे जाते, कोडं मध्ये ठेवते, आणि आडवे शब्द ती हवेत बोटानं लिहून दाखवते. अजून चुका काढते माझ्या.

हे चार वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या दिवशी इस्पितळात तोंडाला प्राणवायूचा मास्क होता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पांढऱ्या चादरीवर दोन तळवे हळूच एकमेकांवर टेकवले. भाकरी. म्हणजे, जेवलात का? मी हातांनी उत्तर द्यायला गेले, पण माझे हात उठेनात. तेव्हा गोदा, पंधरा वर्षांची गोदा, खाली वाकली आणि त्या बहिऱ्या कानाशी, अख्ख्या आवाजानिशी, जिल्ह्यात दुसऱ्या आलेल्या त्या आवाजानं म्हणाली, "जेवलो, आजोबा! सगळे जेवलो!"

वॉर्डातले सगळे दचकले. नर्स धावत आली. पण त्यांना ऐकू आलं. कितीतरी वर्षांनी त्यांना काहीतरी कानांनी ऐकू आलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं.